महामार्गावरचे पाणी जमिनीत मुरवण्यापूर्वी किती शुद्ध होते, हे कसे मोजावे

महामार्गाच्या कडेने चालत गेल्यास नालीत अधूनमधून जाळीचे झाकण असलेले सिमेंटचे चेंबर दिसतात. आत आधी गाळ बसण्यासाठी एक कप्पा, त्यापुढे मोठी खडी, बारीक खडी आणि वाळू यांचे थर, आणि त्या थरांखालून निघून खोल खडकात उतरणारा भोकांचा पाइप अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. अनेक महामार्ग प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीत अशा पुनर्भरण रचनांची अट असते. रचना बांधून झाली आणि तिचे छायाचित्र अहवालात लागले, की अट पूर्ण झाली असे मानले जाते. रस्त्यावरून आलेले पाणी त्या थरांतून जाताना प्रत्यक्षात किती साफ होते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. ते मोजण्याची पद्धत येथे क्रमाने मांडली आहे. लिहिताना डोळ्यांसमोर रस्ते विभागातला उपअभियंता, देखभाल कंत्राटदाराकडचा पर्यावरण अधिकारी, स्थापत्य शाखेचा विद्यार्थी आणि रस्त्यालगत विहीर असलेला शेतकरी, असे चौघे आहेत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पाहणीत देखभालीच्या पर्यवेक्षकाने खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढला, चेंबरातल्या गढूळ पाण्यात बुडवला आणि मला आकडा दाखवला: ८४. "साहेब, आमच्या बोअरच्या पाण्यापेक्षा चांगलं आहे," असे तो मनापासून म्हणाला. त्याच पाण्यावर तेलाचा रंगीबेरंगी तवंग पसरलेला होता. त्याचा मीटर खोटे बोलत नव्हता. तो फक्त पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देत होता. पावसाच्या पाण्यात क्षार मुळात कमीच असतात. तेल, गाळ, शिसे किंवा शौचातून आलेले जंतू त्या मीटरला दिसत नाहीत, आणि जस्त घातक पातळीला असले तरी क्षारांच्या आकड्यात त्याने फरक पडत नाही. म्हणून पहिली सूचना हीच की, टीडीएसचा आकडा हा शुद्धीकरणाचा पुरावा मानू नये.

मोजमापाची एवढी काळजी का घ्यायची, याचे कारण आपल्या खडकात आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा आहे. त्यात पाणी साठते आणि वाहते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि काळ्या कातळाच्या सांध्यांत व फटींत. नदीकाठच्या वाळूच्या जाड थरातून जाताना पाणी जसे गाळले जाते, तसे फटीतून जाताना गाळले जात नाही. पाइप थेट फटीत उतरवला असेल, तर वरचा हातभर वाळूचा थर हीच शेवटची चाळण असते. नाल्यात गेलेले घाण पाणी निदान दिसते. पाइपातून खाली गेलेले पाणी शेजारच्या विहिरीत उतरेपर्यंत कोणाला कळत नाही.

मोजपट्टी कोणती घ्यावी

या कामासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेली पद्धत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पर्यावरण विभागाची आहे. पावसाच्या वाहत्या पाण्यावरची शुद्धीकरण यंत्रणा दाव्याप्रमाणे काम करते का, हे प्रत्यक्ष पावसात तपासण्याचा त्यांचा एक ठरलेला आराखडा आहे, आणि तो 'टेप' या लघुनावाने ओळखला जातो. त्या राज्यात रस्त्याचे पाणी जमिनीत सोडण्याची सवय जुनी आहे. स्पोकेन शहराखालच्या खडी-वाळूच्या जलधरावर, म्हणजे भूजल साठवणाऱ्या थरावर, पाच लाखांहून अधिक लोक अवलंबून आहेत. त्या जलधराला पिण्याच्या पाण्याचा एकमेव स्रोत म्हणून १९७८ साली संरक्षण मिळाले, आणि तिथे रस्त्याचे पाणी शोषविहिरीत जाण्याआधी गवताच्या उथळ चरातून मुरवण्याची रीत पडली.

'टेप'ची मूलभूत कसोटी निलंबित घन पदार्थांची, म्हणजे पाण्यात तरंगत येणाऱ्या गाळाची आहे. येणाऱ्या पाण्यात गाळ १०० मि.ग्रॅ./लिटर किंवा जास्त असेल तर किमान ८० टक्के अडला पाहिजे; २० ते १०० च्या दरम्यान असेल तर टक्केवारी न पाहता बाहेर पडणाऱ्या पाण्यात तो २० मि.ग्रॅ./लिटरच्या आत असला पाहिजे. वरच्या पायरीच्या कसोटीत विरघळलेले तांबे ३० टक्क्यांहून अधिक आणि विरघळलेले जस्त ६० टक्क्यांहून अधिक कमी झाले पाहिजे. तेलासाठी पाण्यावर तवंग दिसता कामा नये आणि दिवसाची सरासरी १० मि.ग्रॅ./लिटरच्या वर जाता कामा नये. आपल्याकडे हे आकडे कायद्याने बंधनकारक नाहीत, पण दोन चेंबरांची तुलना करायला काहीतरी एकच पट्टी लागते, आणि ही पट्टी खऱ्या पावसात वापरून घासलेली आहे.

आधी उन्हाळ्यात जाऊन पाहावे

देखरेखीची सुरुवात पावसाळ्यात नव्हे, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. त्या दिवसांत नाली कोरडी ठणठणीत असायला हवी. नाली वाहत असेल किंवा तिच्या तळाशी काळा चिकट थर असेल, तर ते पाणी पावसाचे नाही हे उघड आहे. कोणत्या तरी ढाब्याची मोरी, गॅरेजची धुलाई किंवा एखाद्या वस्तीचे सांडपाणी तिथे जोडलेले असते. अशा ठिकाणी शुद्धीकरण मोजण्याआधी ती जोडणी बंद करणे हेच काम आहे, कारण गाळ अडवण्यासाठी बनवलेला वाळूचा थर सांडपाणी शुद्ध करू शकत नाही. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात गाळपाच्या हंगामात टँकरमधून सांडलेली मळी नालीत पोहोचते का, हेही याच फेरीत पाहावे.

याच फेरीत चेंबरला पाणी देणाऱ्या रस्त्याचे क्षेत्र मोजून घ्यावे. पुढच्या सर्व हिशेबांसाठी मी एक काल्पनिक उदाहरण घेतो: ५०० मीटर लांबीचा, ११ मीटर रुंदीचा डांबरी पट्टा, म्हणजे ५,५०० चौरस मीटर. डोंगरकापाचे किंवा शेताचे पाणी त्यात शिरत असेल तर ते वेगळे नोंदवावे. शेतातून आलेली लाल-काळी माती हा रस्त्याचा प्रदूषक नव्हे, पण चेंबर बुजवण्याचे काम तीच सर्वांत आधी करते.

काय मोजायचे

प्रदूषकांची यादी पुस्तकातून उतरवू नये. ती जागेवरून यावी. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात रस्त्यांचे पाणी सुमारे ९,००० शोषविहिरींतून जमिनीत जाते, आणि तिथल्या देखरेखीत डोके वर काढले ते पेंटाक्लोरोफिनॉलने, म्हणजे विजेच्या लाकडी खांबांना किडीपासून वाचवण्यासाठी लावलेल्या रसायनाने. आपल्याकडे खांब सिमेंटचे किंवा लोखंडी असतात, तेव्हा त्यावर पैसा खर्च करणे व्यर्थ. मात्र कपाशीच्या किंवा द्राक्षाच्या पट्ट्यात शेताचे पाणी मिसळत असेल तर कीटकनाशके यादीत यायला हवीत.

बहुतेक ठिकाणी पुढची यादी पुरते. गाळ, कारण इतर बरेच प्रदूषक त्याच्या कणांना चिकटून येतात. जस्त, कारण ते टायरच्या झिजेतून येते आणि गॅल्व्हनाइज्ड क्रॅश बॅरियरवरूनही धुऊन येते. तांबे, कारण ते ब्रेकच्या पॅडमध्ये असते. शिसे, कारण देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली आले असले तरी जुन्या मार्गांच्या कडेच्या मातीत ते राहू शकते, आणि वाहनांच्या चाकांची संतुलन-वजने व बॅटऱ्या हेही त्याचे स्रोत आहेत. तेल व ग्रीस. रासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचा अंदाज देणारे माप. सामू आणि विद्युतवाहकता. ढाबे, विश्रांतीस्थळे किंवा गुरांची वाट जवळ असेल तर ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू. धातू दोन्ही प्रकारे मोजावेत, एकूण आणि विरघळलेले. हा खर्च वाचवण्याचा मोह होतो, पण सगळी गोम त्यातच आहे: वाळू कणांना चिकटलेले जस्त अडवते आणि विरघळलेले बहुतांश पुढे सोडते. फक्त एकूण जस्त मोजणाऱ्या अहवालात चेंबर उत्तम दिसते.

टायरमधल्या एका रसायनापासून बनणारे '६पीपीडी-क्विनोन' कोहो जातीच्या साल्मन माशांना मारते, हे वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर केले. प्रत्येक चेंबरसाठी ते तपासणे परवडणारे नाही. टायरच्या झिजेची खूण म्हणून तूर्त जस्तावर लक्ष ठेवावे.

नमुना कुठून घ्यायचा

नमुना तीन ठिकाणी घ्यावा लागतो, आणि तिसरे ठिकाण हटकून विसरले जाते. पहिले, गाळाच्या कप्प्यात पाणी शिरते तिथे. दुसरे, गाळणथर ओलांडून पाणी खोल पाइपात शिरण्याच्या अगदी आधी. तिसरे, थर तुंबल्यावर किंवा पाऊस जोराचा आल्यावर पाणी थराला वळसा घालून ज्या वाटेने सरळ पाइपात पडते, ती वाट.

दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्याची सोय बऱ्याच चेंबरांत ठेवलेलीच नसते. नवे बांधकाम असेल तर गाळणीचा कप्पा आणि पाइपाचा कप्पा वेगळे ठेवून त्यांना जोडणाऱ्या नळाचा निदान हातभर भाग उघडा राहील, असे नकाशातच मांडून घ्यावे. जुन्या चेंबरात वाळूच्या थराच्या तळाला पोहोचेल असा ११० मि.मी. व्यासाचा पीव्हीसी पाइप उभा बसवावा, त्याच्या खालच्या वीतभर भागाला चिरा पाडाव्यात, भोवती धुतलेली बारीक खडी भरावी आणि त्यातून पंपाच्या नळीने पाणी काढावे. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी (जीआय) पाइप वापरू नये. त्याचे जस्त नमुन्यात उतरते आणि मग गाळणीच जस्त देते, असा विचित्र निष्कर्ष निघतो. त्याच कारणासाठी येणाऱ्या पाण्याचा नमुना क्रॅश बॅरियरच्या पायाशी ठिबकणाऱ्या पाण्यातून न घेता नालीच्या मुख्य प्रवाहातून घ्यावा.

एक गोष्ट बजावून सांगतो. बंद चेंबरमध्ये कोणीही उतरू नये. कुजलेल्या गाळातून निघणारा वायू काही क्षणांत शुद्ध हरपवतो. सर्व काम वरून, नळी आणि दांड्याने व्हावे; नमुना घेणारे किमान दोघे असावेत, अंगावर परावर्तक जॅकेट असावे, साइडपट्टीवर रहदारीच्या बाजूने शंकू मांडलेले असावेत आणि रात्रीच्या कामाची टोल नाक्याला आधी खबर दिलेली असावी.

पाणी किती आले, हे आधी

पाण्याचे आकारमान माहीत नसेल तर प्रदूषकाच्या प्रमाणाला अर्थ नाही. कप्प्यात येणाऱ्या नळीच्या तोंडाशी ९० अंशांच्या खाचेची पत्र्याची पाटी बसवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये घेतली, तिचा अडीचावा घात केला आणि १.३८ ने गुणले की प्रवाह घनमीटर प्रति सेकंदात मिळतो. उंची १० सें.मी. असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, आणि २० सें.मी. असेल तर सुमारे २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून अधिक होते. याचाच दुसरा अर्थ असा की, १० सें.मी. उंचीत एका सेंटिमीटरची चूक झाली तर प्रवाहात सुमारे २५ टक्के चूक होते. म्हणून उंची खाचेपाशी मोजू नये, तिथे पाणी खाली वाकलेले असते. पाण्याच्या सर्वाधिक अपेक्षित उंचीच्या चौपट अंतर मागे जाऊन मोजावी. पाटीमागे साचलेला गाळ प्रत्येक पावसानंतर काढावा, कारण तो साचला की सूत्र बिनसते.

पाण्याची पातळी दर पाच मिनिटांनी आपोआप नोंदवणारा दाबमापक लॉगर मिळाला तर बरेच. नसेल तर रंगवलेली मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन बसलेला माणूसही चालतो. फक्त तो पाऊस सुरू होण्याआधी तिथे असायला हवा. वळसा घालणाऱ्या वाटेच्या काठावर दुसरा लॉगर, किंवा निदान पाणी किती चढले याची खूण राहील असा खडू चोळलेला दांडा ठेवावा. पर्जन्यमापक चेंबरजवळच असावा. तालुक्याच्या ठिकाणचा पाऊस वापरू नये. घाटमाथ्यावर दोन गावांच्या पावसात दुपटीचा फरक पडतो.

कोणता पाऊस धरायचा

'टेप'मध्ये मोजण्यायोग्य पावसाची व्याख्या आहे: किमान ०.१५ इंच, म्हणजे जवळजवळ ४ मि.मी. पाऊस, किमान एक तास, आणि त्याआधी निदान सहा तास जवळजवळ कोरडे. असे किमान १२ पाऊस मोजायचे असतात. ही व्याख्या तिथल्या रिमझिम हिवाळ्यासाठी ठीक आहे. आपल्याकडे ती दोन टोकांना फसते.

पहिले टोक मृगाचे. ऑक्टोबरपासून रस्त्यावर साचलेली धूळ, टायरचा चुरा आणि तेल जूनच्या पहिल्या एक-दोन सरींत वाहून येते. हे पाणी सबंध मोसमातले सर्वांत घाण असते, आणि तेच पाणी नमुन्यातून निसटते, कारण निविदा उशिरा निघते, बाटल्या येत नाहीत, नाहीतर तो पाऊस रविवारी पडतो. म्हणून सर्व साहित्य २० मेपर्यंत जागेवर असावे आणि वळवाची पहिली सरही मोजावी. दुसरे टोक झडीचे. कोकणात आणि घाटात जुलैमध्ये तीन-चार दिवस पाऊस थांबतच नाही. सहा तासांची उघडीप मिळेपर्यंत वाट पाहिली तर महिना कोरडा जातो, कागदावर अर्थात. अशा वेळी मी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा २४ तासांचा तुकडा एक घटना म्हणून धरतो, कारण हवामान खात्याचा दैनिक पाऊसही त्याच वेळेला मोजला जातो आणि ताळा करता येतो. अहवालात मात्र ही तडजोड स्पष्ट लिहावी. बारा घटनांपैकी निदान दोन मृगाच्या सुमाराच्या, चार-पाच झडीतल्या, दोन-तीन ऑगस्टच्या उघडिपीनंतरच्या आणि एक-दोन परतीच्या पावसाच्या असाव्यात.

नमुना कसा भरायचा

पावसाच्या मध्यावर जाऊन एक बाटली भरली तर ती त्या क्षणाबद्दलच सांगते. सबंध पावसाबद्दल बोलायचे असेल तर ठरावीक पाणी वाहून गेले की ठरावीक माप घ्यायचे, अशा पद्धतीने एकत्रित नमुना तयार करावा लागतो. आपल्या काल्पनिक पट्ट्यावर २० मि.मी. पाऊस पडला आणि त्यातले ९० टक्के वाहून आले, तर ९९ घनमीटर पाणी येते. दर ३.३ घनमीटरला २०० मि.लि. घेतल्यास ३० मापे, म्हणजे ६ लिटर नमुना मिळतो. पाऊस फक्त ८ मि.मी. झाला तरी १२ मापे येतात, आणि 'टेप'ला किमान १० लागतात. पाऊस ६० मि.मी. झाला तर ९० मापे, १८ लिटर, आणि २० लिटरचा कॅन पुरतो. ही आकडेमोड पावसाआधी करावी. कॅन मध्येच भरला की पावसाचा उरलेला भाग नमुन्याबाहेर राहतो. एकूण प्रवाहाचा निदान ७५ टक्के भाग नमुन्यात यायला हवा.

स्वयंचलित यंत्र नसेल तर हाताने करता येते. पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी आणि नंतर दर अर्ध्या तासाने एक लिटरची वेगळी बाटली भरावी, प्रत्येक बाटलीवर वेळ आणि पाण्याची उंची लिहावी, आणि पाऊस संपल्यावर प्रत्येक बाटलीतून त्या अवधीत वाहिलेल्या पाण्याच्या प्रमाणात भाग घेऊन एकत्र करावा. भाग ओतताना बाटली सतत हलवत राहावी. दोन सेकंद थांबले की वाळू तळाला बसते आणि गाळाचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो. बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने त्याच्या स्वतःच्या प्रवाहानुसार घ्यावेत, कारण ते थरातून झिरपत उशिरा येते आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ येत राहते.

तेलाचा नमुना या सगळ्याला अपवाद आहे. तेल नळीला आणि प्लास्टिकला चिकटते, म्हणून तो रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत थेट प्रवाहातून एका झटक्यात भरावा, बाटली आधी त्याच पाण्याने विसळू नये, काठोकाठ भरून ओतून देऊ नये, आणि प्रयोगशाळेने त्यातला अर्धा भाग न घेता सबंध बाटली वापरावी. ई. कोलायसाठी निर्जंतुक बाटली वेगळी.

धातूंसाठीच्या एचडीपीई प्लास्टिकच्या बाटल्या १० टक्के नायट्रिक आम्लाने धुतलेल्या असाव्यात. विरघळलेले धातू हवे असतील तर नमुना आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढावा आणि नंतर आम्ल घालून सामू २ च्या खाली न्यावा. हा क्रम उलटा झाला, तर आम्ल कणांवरचे धातू पाण्यात सोडते आणि 'विरघळलेले जस्त' अवास्तव वाढते. मी पाहिलेल्या चुकांत ही सर्वांत वारंवार होणारी आहे, आणि अहवाल वाचून ती ओळखता येते: विरघळलेले आणि एकूण जस्त जवळजवळ सारखे आले, तर पहिली विचारणा याच क्रमाची करावी.

नमुने बर्फाच्या पेटीत ठेवावेत. गाळाचा नमुना ६ अंशांखाली सात दिवस टिकतो, आम्ल घातलेले धातू सहा महिने टिकतात, तेलाचा आम्ल घातलेला नमुना २८ दिवस. जंतूंना मात्र काही तासांचीच मुदत असते. प्रयोगशाळा ठरवताना ती एनएबीएलने, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने, मान्य केलेली आहे एवढेच न पाहता, आपल्याला हव्या त्या घटकासाठी तिची मान्यता आहे का आणि ती शनिवारी रात्री नमुना घेईल का, हे विचारावे. अहवालात 'बीडीएल' असे लिहून येते, म्हणजे उपकरणाला आढळले नाही. ते उपकरण किती खालपर्यंत पाहू शकते हा आकडा सोबत मागावा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात शिशाची मर्यादा ०.०१ मि.ग्रॅ./लिटर आहे. ज्या उपकरणाची नजर ०.०५ च्या खाली जात नाही, त्याच्या 'आढळले नाही' या शेऱ्याचा आपल्याला काही उपयोग नाही.

दर दहा नमुन्यांमागे एक जुळा नमुना आणि एक कोरा नमुना असावा. कोरा म्हणजे प्रयोगशाळेतले शुद्ध पाणी त्याच नळीतून, त्याच कॅनमध्ये ओतून पाठवलेले. त्यात जस्त निघाले तर दोष आपल्या साहित्याचा. प्रयोगशाळेला हे नमुने वेगळे म्हणून सांगू नयेत; साध्या क्रमांकाने पाठवावेत.

हिशेब

समजा, तीन पावसांचे गाळाचे आकडे असे आले. पहिला, मृगाचा: ४० घनमीटर पाणी, येताना ४२० आणि जाताना ६० मि.ग्रॅ./लिटर. दुसरा: ११० घनमीटर, १६० वरून २८. तिसरा, झडीतला: ९० घनमीटर, ४५ वरून २२. प्रत्येकाची टक्केवारी अनुक्रमे ८६, ८२ आणि ५१ येते आणि त्यांची सरासरी ७३. पण वजनाने पाहिले तर एकूण ३८.४५ किलो गाळ आला आणि ७.४६ किलो पुढे गेला, म्हणजे ८१ टक्के अडला. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगतो की गाळणी दर पावसाला सरासरी कशी वागते. दुसरा सांगतो की खडकात एकूण किती गेले. भूजलाचा विचार करताना मी दुसऱ्याला वजन देतो, पण अहवालात दोन्ही छापावेत. तिसऱ्या पावसाचे ५१ टक्के पाहून घाबरण्याचे कारण नाही; पाणी मुळातच स्वच्छ असेल तर टक्केवारी पडतेच. तिथे २० ची कसोटी लावायची, आणि २२ हा आकडा त्या कसोटीवर थोडक्यात नापास होतो.

आता वळसा घालणारे पाणी धरू. दुसऱ्या पावसात ११० पैकी ३० घनमीटर पाणी थर चुकवून सरळ पाइपात पडले असेल, तर ८० घनमीटर २८ ने आणि ३० घनमीटर १६० ने खाली गेले: २.२४ अधिक ४.८० किलो. आलेल्या १७.६ किलोंपैकी ७.०४ किलो जमिनीत गेले आणि ८२ टक्क्यांचे ६० टक्के झाले. गाळणी तीच, वाळू तीच, प्रयोगशाळेचा कागदही तोच. तिसऱ्या ठिकाणची मोजपट्टी नसती तर ८२ टक्के छापून आले असते. म्हणून माझ्या लेखी चेंबरचा निकाल हा गाळणीच्या तोंडाशी लागत नाही, तर पाणी दिसेनासे होते त्या शेवटच्या बिंदूपाशी लागतो.

बारा घटना जमल्या की नुसती सरासरी देऊन थांबू नये. 'टेप'मध्ये सरासरीच्या विश्वास-मर्यादेची खालची बाजू कसोटीला लावतात. बारा आकड्यांतून परत परत चिठ्ठ्या टाकून बारा आकडे उचलायचे, दर वेळी सरासरी काढायची, हे हजार वेळा करायचे आणि त्या हजार सरासऱ्यांतली खालून पाच टक्क्यांवरची सरासरी घ्यायची. साध्या स्प्रेडशीटमध्ये हे जमते. तीही ८० च्या वर असेल तरच 'गाळणी ८० टक्के गाळ अडवते' असे लिहिण्याचा अधिकार मिळतो.

चेंबरातला गाळ आणि शेजारची विहीर

मोसमाच्या शेवटी एक ताळा करावा. कप्प्यातला गाळ काढून, वाळवून तोलावा. हिशेबाने शंभर किलो अडायला हवे होते आणि प्रत्यक्षात पाचशे किलो निघाले, तर नालीच्या तळाने सरपटत आलेली जाड वाळू नमुन्याच्या नळीत शिरलीच नव्हती, असा त्याचा अर्थ. हा दोष फारसा घातक नाही, पण तो कळल्याशिवाय गाळ किती वारंवार काढायचा ते ठरत नाही. चेंबर भरल्यावर पाणी किती तासांत उतरते, हेही मोसमाच्या आरंभी आणि शेवटी मोजावे. जूनमध्ये तीन तास लागत होते आणि सप्टेंबरमध्ये वीस लागू लागले, तर थर बुजला आहे आणि पुढच्या वर्षी वळसा घालणारे पाणी वाढणार.

विहिरींची निवड करताना नकाशावरचा उतार मार्गदर्शक असतो, पण बेसाल्टमध्ये फटीची दिशा त्याच्या आड येते. म्हणून वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला निदान दोन विहिरी घ्याव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळ असेल तर तिची जुनी पातळी मागवावी. पाइपाचा तळ आणि भूजलाची पातळी यांतले अंतर मे महिन्याच्या पातळीवरून काढू नये. ऑगस्टमध्ये, विशेषतः कोकणात, विहिरी काठापर्यंत येतात आणि तेव्हा तो पाइप सरळ भूजलातच उभा असतो. पावसाळ्यात विहिरीची विद्युतवाहकता चेंबर चालू झाल्यावर लगेच उतरली, तर रस्त्याचे पाणी तिथे पोहोचत असावे, असे समजावे. टीडीएस मीटरचा एवढा एक उपयोग मी मान्य करतो. अशा विहिरीचे जस्त, शिसे, तेल आणि ई. कोलाय आयएस १०५०० च्या मर्यादांशी ताडून पाहावेत, आणि आकडे विहिरीच्या मालकाला लेखी द्यावेत.

नापास झालेल्या चेंबरचे काय करायचे, हे देखरेख सुरू करतानाच लिहून ठेवावे. गाळाची कसोटी हुकली तर वरची बोटभर वाळू खरवडून बदलावी आणि पुढचे दोन पाऊस पुन्हा मोजावेत. विरघळलेले जस्त हुकले तर वाळू बदलून काही साधत नाही. पाणी आधी गवताच्या चरातून किंवा सेंद्रिय खत मिसळलेल्या मातीच्या थरातून न्यावे लागते, आणि ते खत धुऊन नायट्रेट उतरत नाही ना, हेही मोजावे लागते. तवंग दिसला, किंवा त्या टप्प्यात टँकर उलटला, तर पाइपाच्या तोंडाशी बसवलेली झडप तत्काळ बंद करून पाणी नालीतच अडवावे. त्या झडपेची किल्ली जवळच्या टोल नाक्यावर असावी आणि ती फिरते की गंजली आहे, हे दर मे महिन्यात फिरवून पाहावे. काढलेला गाळ साइडपट्टीवर किंवा शेजारच्या बांधावर टाकू नये. त्यातले धातू तपासून घ्यावेत आणि निकाल हाती येईपर्यंत तो ताडपत्रीखाली ठेवावा, नाहीतर पुढच्या मृगात तोच गाळ पुन्हा त्याच चेंबरात येईल.